रिकामी चौकट

टेस्टरने 'डिलीट'चं बटण दाबलं आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण भलत्याच पानावर आहोत.

कंपनीतल्या सगळ्यांचे मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्रॅम त्याच्याकडे तपासायला आला होता. ब्राउझरमध्ये दोन पानं शेजारी शेजारी उघडी होती, एक सरावाचं आणि एक खरं, दिसायला अगदी जुळी भावंडं. तपासणी साधी होती. नावाची चौकट रिकामी ठेवून बटण दाबायचं. प्रोग्रॅमने 'आधी नाव लिहा' म्हणून खडसावायला हवं. पण नाव नाही म्हणजे सगळेच, असा सोयीस्कर अर्थ प्रोग्रॅमने लावला आणि झाडून सगळे मेलबॉक्स उडवले. वर लाल पट्टी दाखवली: 'काहीतरी चुकलं.'

टेस्टरला नोकरीत कायम करायचं की नाही, ते साहेब आजच सांगणार होते. बायकोने तर माहेरी 'झालेच कायम' असं कळवूनही टाकलं होतं. "तोवर नको तिथे बोटं घालू नका," असं तिने सकाळीच बजावलं होतं. पण बिचाऱ्याला पगार मिळायचा तो नको तिथे बोटं घालण्याचाच.

तो हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे गेला. आपल्या हातून चूक होतच नाही असं हे गृहस्थ मानत, म्हणून सगळे त्यांना बिनचूक म्हणत.

"मेलचा बॅकअप असतो ना हो आपल्याकडे?"

"असतो. का?"

"सहज."

"सहज? मग घाम कसला फुटलाय?"

"उकडतंय जरा."

"या एसीत माझे दात वाजतायत!"

तेवढ्यात निरोप आला. साहेबांनी बोलावलंय, एकट्यालाच. टेस्टर खोलीत शिरताच साहेबांनी स्वतः उठून दार लावलं, पडदा ओढला. आता गच्छंती, हे त्याने ओळखलं.

"साहेब, माझ्या हातून..."

"आधी माझं ऐका." साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सगळ्यांची मेल गेलीय ना? ते मी केलंय."

"तुम्ही?"

"मेव्हण्याचा मेलबॉक्स काढत होतो, गुपचूप. कामाचं नाव नाही, दिवसभर नुसते विनोद पाठवतो. बटण दाबलं तर 'काहीतरी चुकलं'. परत दाबलं, परत तेच. नंतर बघतो तर सगळ्यांचेच गायब! घरी कळलं तर माझी धडगत नाही. बायकोचा लाडका भाऊ आहे तो."

टेस्टरला सगळा उलगडा झाला. आधीच उडालेला मेलबॉक्स साहेब उडवायला बघत होते. खरं बोलायला त्याने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"कोणाला कळणार नाही, साहेब."

"शाबास! तुम्ही आजपासून कायम."

टेस्टरला हायसं वाटलं आणि स्वतःची लाजही वाटली. तेवढ्यात दार ढकलून बिनचूक आत आले.

"मेल चालू केली, साहेब. बॅकअपवरून सगळं परत आणलं. आणि ती लाल पट्टीही सुधारली. 'काहीतरी म्हणजे काय, नीट सांगा ना' म्हणून हा रोज माझं डोकं खायचा. आता कोणी काय केलं ते नावानिशी येतं. आज सकाळचंसुद्धा."

"नको!" दोघं एकदम ओरडले.

"जुनंच छान होतं हो," टेस्टर काकुळतीला येऊन म्हणाला. "माणूस उगाच घाबरत नाही."

"आता काय उपयोग? सगळ्यांना मेलने गेलं की!"

बाहेर एकेका टेबलावर टिंग टिंग व्हायला लागलं. साहेबांनी मेल उघडली. पहिल्या ओळीत टेस्टर होता, दुसऱ्या ओळीत ते स्वतः आणि त्यांचा मेव्हणा. त्यांनी सावकाश मान वर केली. टेस्टरने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात साहेबांचा मोबाइल वाजला. घरून होता.

साहेबांनी तो उचलून टेस्टरपुढे धरला.

"तुम्ही बोला," ते म्हणाले. "कायम आहात ना आता?"