बाबलोमामांची दीपनौका

बाबलोमामांच्या दारावरून चहा न घेता पुढे जाऊन दाखवा, अशी आमच्या इब्रामपुरात पैज लागते. अजून कोणी जिंकलेलं नाही.

घर रस्त्याला लागून. माणूस दिसला की सोप्यावरून हाक आलीच, "खंय चल्लंस रे? च्या घेवन जा!" घाई आहे म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "घाई च्यात बुडव आनी खा." म्हापशाची बस वळणावर जरा थांबली की मामा कपबशी घेऊन कंडक्टरच्या दाराशी. आत प्रवासी ओरडतायत आणि कंडक्टर बिचारा बशीवर फुंकर मारतोय. मागे एकदा मतं मागायला आलेला उमेदवार तिसऱ्या कपानंतर मागच्या दाराने, केळींतून पळाला. मी स्वतः उतारावर स्कूटर बंद करून, आवाज न करता सटकायला बघितलं. "पेट्रोल संपलां? बरां झालां, ये."

मामांनी नोकरी केली ती दीपनौकेवर, स्वयंपाकी म्हणून. भर समुद्रात जिथे दीपस्तंभ उभारता येत नाही तिथे डोक्यावर भलामोठा दिवा घेऊन नांगरलेली ही बोट. जहाजांना सांगायचं, इथे वाळू आहे, लांबून जा. म्हणजे मामांनी अख्खं आयुष्य दर्यावर काढलं आणि प्रवास काही केला नाही. "आमची बोट कधी वाट चुकूक नाय," ते अभिमानाने सांगतात. "जातली खंय?"

मामींना मात्र त्या बोटीचं नाव खपत नसे. नवरा वर्षातले बरेच महिने तिच्याकडे, म्हणून त्या तिला सरळ सवत म्हणत. तीच बोट रंगवून, इकडच्या एका धक्क्याला बांधून पर्यटकांना दाखवतात असं कळलं, तेव्हापासून मामा त्यांच्या मागे लागले होते, एकदा तरी चल. मामी हलेनात. "सवतीच्या दारात मी पाय ठेवचंय नाय." शेवटी मामांनी रुसून रस्त्यावरच्यांना हाका मारणं बंद केलं. बस विनाअडथळा जाऊ लागली आणि गाव घाबरलं. मामीही घाबरल्या. "चला, बघतंय तरी थोबाड कसां आसा तां."

मी दोघांना गाडीतून घेऊन गेलो. लालभडक बोट, तिकीटखिडकी, दिव्याखाली फोटो काढणाऱ्यांची झुंबड. शिडी चढून मामा डेकवर आले. गर्दीतून वाट काढत ते थेट स्वयंपाकाच्या खोलीत शिरले, मागोमाग आम्ही.

मामींनी ओटा बघितला, भांड्यांची फळी बघितली. "बरां चकचकीत आसा. हयसर बसान तुमका दिवाळेक तरी घराची याद येय होती काय?"

आमच्याकडे दिवाळीच्या सकाळी एकमेकांच्या घरी जाऊन फोव खायचे असतात. आपण पाच तऱ्हांचे पोहे करायचे आणि वाट बघायची. कोणी आलंच नाही तर ती दिवाळी कसली.

मामा ओट्यावरून हात फिरवत होते. "एका दिवाळेक पाचय तरांचे फोव केलंय. गुळाचे, ताकाचे, सगळे. आमी मोजकी माणसां, खावन उरले. मगे डेकार इलंय. एक जहाज जात होतां. हात केलंय, येवा म्हटलंय, फोव खावन जावा."

"मगे?"

"मगे काय? त्यांनी भोंगो वाजयलो आनी गेले. आमचो दिवोच सांगत होतो, लांबसून जावा म्हणान."

हसावं की काय ते मला कळेना.

"ह्या माका कधी सांगूक नाय तुमी," मामी म्हणाल्या.

"सांगान काय करतलंय? तू थंय कशी येतलंस?"

मामी वळल्या आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, रडायला गेल्या. पण दाराच्या त्या उंच लोखंडी उंबऱ्याबाहेर त्या थांबल्या. चपला काढून बाजूला ठेवल्या, पदर सारखा केला आणि चारचौघं पर्यटक बघत असताना परक्या बाईसारखी हाक दिली, "कोण आसा काय घरात?"

मामा गडबडीने पुढे झाले. "आसंय, आसंय," ते म्हणाले. "येवा. बसा."