वच्छलाकाकूंकडचा उपाशी पाहुणा

"पांढुर्ण्यात तीन गोष्टी लपत नाईत," भगवंतराव सांगत. "पिकल्या संत्र्याचा वास, लग्नातला बँड अन् माह्यापासून गुन्हेगार."

तीस वर्षं त्यांनी जिनिंगच्या कारखान्यात कापूस चिमटीत धरून ओलावा सांगितला. निवृत्त झाल्यावर चिमूट रिकामी राहिली, म्हणून तिच्यात त्यांनी गुन्हेगार धरायचं ठरवलं. दारावर पाटी लागली, 'गुप्तहेर भगवंतराव. येथे गुप्त तपास होतो.' पाटी रस्त्याच्या दोन्ही टोकांवरून वाचता येत असे.

सहायक भूपेंद्र. तो कीर्तनात बुवांच्या मागे झांज धरी. पुढचा काहीही बोलो, मागून ठेका द्यायचा ही सवय त्याला तिथूनच लागलेली. भगवंतरावांना सहायकात तेवढाच गुण हवा होता.

एके दिवशी शेजारच्या वच्छलाकाकूंनी दोघांना बोलावलं, तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. देवघरासमोर काचेची टाकी होती. तिच्या तळाशी, दगडाआड, एक काळपट, खडबडीत, मिशाळ मासा पडून होता.

"चंचलनं पहिल्या पगारातून आणला," काकू म्हणाल्या. "म्हणे, आई, तुले घरात कोणी तरी पाहिजे. माशाचं नाव सांगितलं, पण तिची गाडी सुटून राहिली होती, माह्या ध्यानात नाई राहिलं. आता पंधरा दिवस झाले, दाणा वर तरंगते, हा ढुंकूनही पाहात नाई. पोट पहा, पाठीले लागलं."

"चंचलले विचारा ना," भूपेंद्र म्हणाला.

"कोणत्या तोंडानं? एक मासा सांभाळता नाई आला मले? पुढच्या रविवारी येऊन राहिली पोरगी. तोवर हा गेला तर..." काकूंनी पदर तोंडाला लावला.

काकूंनी काही कमी केलं नव्हतं. पहाटे देवाची भांडी लखलखीत झाली, की हात धुऊन त्या काथ्याची घासणी टाकीत घालत आणि चारही काचा, दगडसुद्धा, आतून घासून काढत. देवासमोर राहणाऱ्याच्या घरावर हिरवट डाग? हरी हरी!

भगवंतरावांनी बाही सारली, पाण्यात हात घातला आणि माशाला चिमटीत धरलं. पुढच्या क्षणी ते बोट चोखत होते.

"वही काढ, भूपेंद्रा. अंगावर खवले नाई, चिलखत आहे. काटे आहेत. हा मासा नाई. मगरीचं पिल्लू आहे."

"मगरीले मिशा असते का, भाऊ?"

"वेशांतर केलं आहे."

भूपेंद्रनं लिहून घेतलं. मग भगवंतरावांनी विचारलं, "आणला कोणत्या रस्त्यानं?"

"नागपूरहून बसनं. सौंसरले उतरून चंचल जामसांवलीले गेली. शनिवार होता. हा पिशवीतच होता सोबत."

भगवंतरावांनी कपाळावर हात मारला. "सुटली केस! जामसांवलीचा मारुती निजलेला. हाही निजलेला. मारुतीरायाचं दर्शन घेऊन आलेला जीव आहे हा, काकू. उपास धरला यानं!"

"पंधरा दिवस?"

"भक्ती मोठी आहे."

काकूंनी आधी कान धरले, मग माशाला हात जोडले. त्याच दिवशी टाकीत साबुदाणा पडला. मासा त्यालाही शिवला नाही. भूपेंद्रनं चहागाळणीनं तो परत काढला. बुवांच्या मागे झांज धरणं किती सोपं, हे त्याला तेव्हा कळलं.

काकूंना सौंसरला माहेरी कीर्तन सप्ताहाला जायचं होतं. पाय निघेना. भगवंतरावांनी टाकीभोवती लाल धागा गुंडाळला. "जा तुम्ही. आता हे घटनास्थळ झालं. सात दिवस कोणीच हात नाई लावायचा. घासणी जप्त!" घासणी त्यांनी रुमालात बांधून पुरावा म्हणून नेली.

भूपेंद्र दिवसभर पहाऱ्याला बसे. मासा दगडाआड, भूपेंद्र स्टुलावर, दोघंही हलत नसत. खिडकीतलं ऊन टाकीवर येई. चौथ्या दिवशी काचेवर शेवाळाची हिरवी साय धरली. पाचव्या सकाळी त्या हिरव्यात वळणावळणाचे स्वच्छ पट्टे उमटले होते.

भगवंतरावांनी काचेला नाक लावलं. "सांकेतिक लिपी! नक्शा आहे हा, भूपेंद्रा. ही रेल्वे लाईन, हे तिगाव स्टेशन. टोळीचा निरोप आहे. उतरवून घे!"

भूपेंद्र तीन पानं उतरवून घेत असतानाच त्याची बायको पूनम डबा घेऊन आली. तिनं डबा ठेवला, टाकीत वाकून पाहिलं.

"काय लिहून राहिले?"

"टोळीचा निरोप."

"अवो बाप्पा, चाटून राहिला तो! पहा ना, तोंड खाली आहे त्याचं, काचेले लागाले. रात्री निघत असन, अन् हे हिरवं खाऊन परत दगडाआड जात असन. पोट पहा कसं भरलं." ती थांबली. "काकू रोज घासत होत्या ना काच? म्हणजे पाहुण्याचं ताट वाढल्या वाढल्या घासून ठेवत होत्या."

पूनमनं डब्यातली काकडीची चकती काढली, चमच्यात अडकवली आणि टाकीत सोडली. दुसऱ्या सकाळी चमच्यावर नुसती साल होती.

भगवंतरावांनी घसा साफ केला. "घासणी जप्त कोणी केली होती, भूपेंद्रा?"

"तुम्ही, भाऊ."

"लिही."

आणि ते खरंही होतं, म्हणून भूपेंद्रनं लिहिलं. देव कोणाच्या हातून काय करून घेईल, सांगता येत नाही.

सप्ताह आटोपून काकू परतल्या, तेव्हा पूनमनं त्यांना सगळं सांगितलं आणि भगवंतरावांनी घासणी परत केली. रविवारी चंचल आली. बॅग खाली टाकून थेट टाकीशी गेली. "आई! प्लेको मासा किती गुबगुबीत झाला! पण काच काऊन हिरवी? घासत नाई का?"

काकूंचा हात सवयीनं घासणीकडे गेला होता. त्यांनी तो मागे घेतला, दुसऱ्या हातात घट्ट धरला.

"जेवत्या माणसापुढचं ताट ओढत नाई बाई आपल्यात," त्या म्हणाल्या. "तू हात धू. तुह्यंही वाढलं आहे."