सदतीस जोड्यांची फाइल

हेडक्लार्कांनी फाइल थोडी हलकी करायचं ठरवलं तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते आणि घरात सगळं सुरळीत चाललं होतं. दहा मिनिटांचं काम, असं ते स्वतःशी म्हणाले. ते काम पुढे नऊ दिवस चाललं.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी सगळी गल्ली त्यांना हेडक्लार्कच म्हणायची. नोकरीची एकतीस वर्षं त्यांनी अभिलेख विभागात काढली होती, आणि त्यांतली निम्मी तरी जास्तीच्या प्रती शोधून रद्दीत घालण्यात. एकाच कागदाची दुसरी प्रत दिसली की त्यांचा हात शिवशिवायचा. (घरात चहाच्या दोन गाळण्या होत्या. निवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी एक निकालात काढली. उरलेली फाटकी निघाली.)

त्यांची बायको रफूचं काम करायची. कोटाला ठिणगीने पडलेलं भोक, उंदराने कुरतडलेला स्वेटर, खिळ्यात अडकून फाटलेला पडदा, असलं काय काय लोक तिच्याकडे आणून टाकत. ती त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून चार धागे काढायची आणि भोक होतं तिथे कापड परत विणायची. या कामाची एक मोठी अडचण होती. ते चांगलं झालं की दिसायचं नाही. गिऱ्हाईक कोट उलटापालटा करून बघायचं, "कुठे होतं हो भोक?" असं विचारायचं, आणि कोट घेऊन निघून जायचं. म्हणून ती प्रत्येक अवघड कामाचे दोन फोटो काढून ठेवायची, एक आधीचा आणि एक नंतरचा. त्यांतल्या निवडक सदतीस जोड्या तिने जपल्या होत्या. आयुष्यभराच्या कामाचा तेवढाच पुरावा.

गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बारीक काम बंद करायला सांगितलं. लांबचं तिला स्वच्छ दिसत होतं, पण जवळचं चष्मा लावूनही धूसर झालं होतं. ती "बरं" म्हणाली आणि सुयांचा डबा कपाटात वरच्या फळीवर ठेवून आली. ती कुणासमोर रडली नाही. पण त्यानंतर कुठेही बसली की हाताला येईल त्या कापडाच्या काठावरून तिचा अंगठा फिरत राहायचा, आणि हेडक्लार्कांना ते बघवायचं नाही.

अशात शिवणशाळेच्या मुख्याध्यापिकांचा निरोप आला. शाळेत रफूचा वर्ग सुरू करायचा होता. शिकवायला बोटांचं ज्ञान पुरेल, डोळे मुलींचे आहेतच, असं त्यांचं म्हणणं होतं. फक्त शाळेच्या समितीला आधी काम बघायचं होतं, आणि त्यासाठी एक शनिवार ठरला. निरोप ऐकून तिने कित्येक महिन्यांनी सुयांचा डबा खाली काढला आणि पुसून ठेवला.

"काम दाखवू कुठून? कपडे तर ज्याच्या त्याच्या घरी गेले," ती म्हणाली.

"वेबसाइट," हेडक्लार्क म्हणाले. (हा शब्द त्यांनी त्या घरात पहिल्यांदाच उच्चारला, आणि तोही साहेबाच्या थाटात.)

वेबसाइट बनवायचा एक फुकटचा प्रोग्राम त्यांनी मिळवला. सोबत बारा पानांचं माहितीपत्रक होतं. त्यातली तीन पानं हा प्रोग्राम निवडल्याबद्दल अभिनंदन करण्यात गेली होती. तरी महिनाभर खपून त्यांनी चौऱ्याहत्तर फोटो चढवले, प्रत्येकाखाली "आधी" किंवा "नंतर" असं लिहिलं, आणि बायकोला लांबून दाखवलं. ती खूश झाली. फोटो आता प्रोग्रामच्या पोटात आहेत म्हटल्यावर तिच्या फोनमधल्या प्रती जास्तीच्या ठरल्या. त्या त्यांनी काढून टाकल्या.

मग ती अडीचची वेळ आली. साइट उघडायला फार वेळ घेते, म्हणून त्यांनी प्रोग्रामची मुख्य फाइल उघडून पाहिली. कुठला फोटो कुठे बसवायचा याची ती यादी होती. त्यात प्रत्येक फोटोच्या सुरुवातीला एक ओळ होती आणि शेवटी जवळजवळ तीच ओळ परत, फक्त तिच्यात "आधी" किंवा "नंतर" एवढं जास्त. चौऱ्याहत्तर फोटो, चौऱ्याहत्तर जास्तीच्या ओळी. हेडक्लार्कांना जुने दिवस आठवले. त्यांनी शेवटच्या सगळ्या ओळी काढल्या, फाइल बंद केली, आणि साइट उघडायला गेले.

पडद्यावर एवढंच आलं: "काहीतरी चुकले आहे."

त्यांनी माहितीपत्रक काढलं. माहितीपत्रकात शेवटच्या पानावर लिहिलं होतं: "प्रकल्प खराब झाल्यास प्रकल्प दुरुस्त करावा. पाहा, पान चौदा." हेडक्लार्कांनी पानं दोनदा मोजली. मग त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं, "विषय: फाइल न उघडण्याबाबत." दोन मिनिटांत उत्तर आलं की आपली अडचण दूर झाल्याचा आम्हाला आनंद आहे.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काढलेल्या ओळी परत घालायला घेतल्या. जुन्या ओळी आठवत नव्हत्या, म्हणून त्यांनी कचेरीतली रीत वापरली. पहिली जोडी विचारपूर्वक नमुना म्हणून तयार केली, "आधी" आणि "नंतर"सकट, आणि बाकीच्या छत्तीस जोड्या त्या नमुन्याबरहुकूम उतरवल्या. फाइल उघडली नाही. त्यांनी ओळी तपासल्या, परत तपासल्या, लाल पेन्सिल घेऊन बसले. काहीतरी चुकलं होतं ते चुकलेलंच राहिलं.

"झाली का साइट?" बायको रोज विचारायची.

"अंतिम टप्प्यात आहे."

"असे किती टप्पे असतात हो?"

"ते शेवटी कळतं," हेडक्लार्क म्हणायचे, आणि जेवण अर्धं टाकून उठायचे. खोटं बोलताना त्यांना घास गिळवत नव्हता.

शुक्रवारी सकाळी ते फाइल घेऊन छपाईच्या दुकानात गेले. कागदावर चूक लवकर दिसते असा त्यांचा अनुभव होता. दुकानदाराने फाइल पाहिली आणि विचारलं, "पायऱ्या पाडून छापू का? एक गोष्ट उघडली की ओळ आत जाते, बंद झाली की बाहेर येते."

"त्याने उघडेल?"

"उघडायचं मला माहीत नाही, साहेब. दिसायला बरं दिसतं."

चव्वेचाळीस कागद शर्टाखाली लपवून ते घरी आले. बायको दारातच उभी होती. जवळचं दिसत नसलं तरी नवऱ्याचं पोट एका सकाळीत चौकोनी झालेलं तिला दिसलं.

"काय आहे ते?"

हेडक्लार्कांनी सगळं सांगितलं.

"पण फोनमध्ये आहेत ना?" तिने शेवटी विचारलं.

"ती जास्तीची प्रत होती," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांच्या स्वतःच्या कानांना असह्य झालं.

ती खुर्चीत बसली. अंगठा पदराच्या काठावर गेला आणि तिथेच थांबला. ती ओरडली असती तर हेडक्लार्कांना बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "तीस वर्षं काम केलं आणि आता ते कुठेच नाही."

"माझ्यामुळे."

"हो, तुमच्यामुळे," ती म्हणाली. मग तिने विचारलं, "कागद किती आहेत?"

"चव्वेचाळीस."

"मांडा जमिनीवर. एकाखाली एक, रांगेने."

पलंग सरकवून त्यांनी बाहेरच्या खोलीभर कागद मांडले. ती स्टुलावर चढली. हेडक्लार्कांनी स्टूल धरलं. (नऊ दिवसांत त्यांच्या हातून झालेलं पहिलं उपयोगी काम.) एवढ्या उंचीवरून तिला अक्षर वाचता येत नव्हतं, वाचायचंही नव्हतं. ती ओळींचा काठ बघत होती.

"आत, बाहेर. आत, बाहेर. वीण सारखी आहे," ती पुटपुटली. पहिली रांग झाली, दुसरी झाली. "ते खिडकीजवळचं पान. तिथे काठ आत गेला तो परत बाहेर आलाच नाही. तिथून पुढे शेवटपर्यंत सगळं एक बोट सरकलंय. तिथे धागा सुटलाय."

हेडक्लार्क रांगत खिडकीशी गेले. अठराव्या जोडीच्या शेवटची ओळ नव्हती. ते लिहीत असताना तिने चहाला हाक मारली होती, हे त्यांना आठवलं. (ते त्यांनी सांगितलं नाही. निदान तेवढी अक्कल त्यांना होती.)

ओळ घातली आणि साइट उघडली.

ती समोरच्या भिंतीला टेकून उभी राहिली, कारण तिथून तिला नीट दिसत होतं. हेडक्लार्क एकेक जोडी पुढे सरकवत गेले आणि ती सांगत गेली. "हा वाद्यवाल्याचा कोट. तीन दिवस लागले होते. हा परिचारिकेचा स्वेटर, तिच्या आईने विणलेला होता, परत घेताना रडली होती बिचारी." सदतीस जोड्या संपेपर्यंत ती स्वतः रडत होती, आणि हेडक्लार्क पडद्याकडे तोंड करून नाक ओढत होते. मग त्यांनी साइट चालू केली आणि पत्ता मुख्याध्यापिकांना पाठवून दिला. परत तपासलं काहीच नाही. तपासण्याचा त्यांना कंटाळा आला होता.

शनिवारी दुपारी फोन आला. बायकोने तो दोघांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"समितीने सगळे फोटो पाहिले," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा जपून येत होता. "काम फार स्वच्छ आहे. फक्त एक शंका होती. प्रत्येक धड कपड्याखाली 'आधी' लिहिलंय, आणि प्रत्येक फाटक्या कपड्याखाली 'नंतर'. सदतीसच्या सदतीस. म्हणजे लोक तुमच्याकडे चांगले कपडे आणून देतात आणि तुम्ही…"

हेडक्लार्कांना आपला नमुना डोळ्यांसमोर दिसला. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. सगळं परत मिळवून सगळं परत घालवलं होतं, तेही एका दिवसात.

बायकोने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही हो बाई," ती शांतपणे म्हणाली. "धड असलेलं फाडायचं काम आमच्याकडे हे बघतात. माझं काम त्यानंतर सुरू होतं."

पलीकडे मुख्याध्यापिका हसल्या, त्यांच्यामागे आणखी तीन-चार जणी हसल्या, आणि सोमवारपासून वर्ग घ्यायला या, असं ठरलं.

"आणि एक विनंती," फोन ठेवण्याआधी मुख्याध्यापिका म्हणाल्या. "जमलं तर यजमानांनाही आणा बरोबर. मुलींना सरावाला रोज वीस-पंचवीस भोकं लागतील."