काटा कुठं हाय?

मी प्यायचो, हे बोईसरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात नवीन सांगण्यासारखं काही नाही. जे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही, ते असं, की भास्करदादा राऊत कधीच प्यायले नव्हते. थेंबभरसुद्धा नाही.

आणि साऱ्या एमआयडीसीत त्यांची ख्याती होती ती सुधारलेला पक्का बेवडा म्हणून.

भास्करदादा आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. मी तिथेच स्टोअरमध्ये कारकून होतो. दादा म्हणजे उंच, हडकुळा माणूस. डोक्यावर ओला पंचा. भट्टीच्या धगीने भुवया अर्ध्या जळालेल्या, त्यामुळे चेहरा कायम आत्ताच काहीतरी नवल ऐकल्यासारखा. भेटल्यावर ते नमस्कार करत नसत, रामराम करत नसत. जवळ येऊन, मान वाकडी करून विचारायचे, "काटा कुठं हाय?"

काटा म्हणजे बॉयलरच्या तबकडीवरचा, वाफेचा दाब दाखवणारा. पण भास्करदादा तो प्रश्न माणसांना विचारायचे. कुंभवलीच्या एका लग्नात त्यांनी तो मांडवात बसलेल्या नवऱ्या मुलाला विचारला. मुलाने घाबरून पायाखाली बघितलं.

मी त्यांच्या तावडीत सापडलो तो एका दुपारी पिऊन कामावर आल्यामुळे. साहेबांच्या नजरेला पडू नये म्हणून बॉयलरमागे जाऊन बसलो, तर दादांनी मला दंडाला धरून तबकडीसमोर आणलं. म्हणाले, बघ, चढतोय ना. वाफ कोण करतो, कोळसा. कोळसा कोण टाकतो, आपण. मग त्यांनी हातातलं फावडं भिंतीला टेकवलं, माझ्या शेजारी पोत्यावर बसले, आणि आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत राहिलो. काटा थोडा वेळ तसाच राहिला, थरथरला, आणि हळूहळू उतरला.

"तलफ अशीच चढते," दादा म्हणाले, "आनि आपन घाबरून फावडं उचलतो."

एवढंच त्यांचं शास्त्र. लोकांनी मला तोवर देवळात नेऊन नारळावर हात ठेवायला लावला होता, पोराची शपथ घालून झाली होती. दादांना शपथांचा राग होता. शपथ म्हणजे काट्यावर दगड ठेवणं, म्हणायचे, काटा दिसेनासा होतो, वाफ तेवढीच राहते. तलफेशी भांडायचंही नाही. ती आली की तिच्याकडे नुसतं बघायचं. कुठं आलीय? गळ्यात, की पोटात? गरम हाय की गार? हलते का बसलीय? हे ते इतक्या उत्सुकतेने विचारायचे, की आपल्या घशातली कोरड म्हणजे जगात पहिल्यांदाच घडणारी गोष्ट आहे असं वाटायला लागायचं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांच्या चाळीतल्या खोलीपुढच्या ओट्यावर आम्ही बसायचो. चिंचणीचा नथू तांडेल यायचा, होडीवरून परस्पर, अंगाला मासळीचा वास घेऊन. लूमवरचा रामदुलारे यायचा. त्याला मराठी कळायचं नाही, पण काटा बरोबर कळायचा. "दादा, पेट में है, अब घूम रहा है," असं तो डोळे मिटून सांगायचा, आणि नथू म्हणायचा, त्याला संडासला जाऊ द्या, ती तलफ नाय.

मग दादा आम्हाला चहाला नेत. चहा प्यायचा तो त्यांच्या पद्धतीने. आधी कप नुसता धरायचा. मग वास. मग एक घोट, तो कुठवर जातो ते बघत. चहावर साय धरायची. चहावाला वैतागून म्हणायचा, "दादा, नावाची पाटी ठोकून घ्या की बाकड्याला, कायमचेच बसा." शेवटी आम्हा सगळ्यांना देशी दारूच्या दुकानासमोर उभं करून काटा विचारायचे. दुकानदाराला आधी वाटलं गिऱ्हाईक आलं. मग त्याने हात जोडले. चार बाप्ये रस्त्यात डोळे मिटून उभे राहतात, म्हणाला, आतले घाबरून अर्धा ग्लास टाकून जातात.

पण आम्हाला ओट्यावर खेचून आणायच्या त्या दादांच्या गोष्टी. 'मी तवा प्यायचो' अशी सुरुवात झाली की नथू बिडी विझवायचा. दादा मूळचे पार उंबरगावपलीकडच्या बंदरावरचे. तिथे म्हणे ते दारू पिऊन परक्या वरातीत नाचले, आणि नाचत नाचत तिसऱ्याच गावी गेले. तिथे एका ताडाच्या झाडाला मेहुणा समजून त्याच्याशी रात्रभर वाटणीवरून भांडले. आम्ही हसून लोळायचो. आणि मनात म्हणायचो, हा एवढा पडलेला माणूस उठतो, तर आपणही उठू. खरं सांगायचं तर माझी सुटली ती काट्याने थोडी आणि त्या गोष्टींनी फार.

एक गोष्ट मात्र ते क्वचित सांगायचे. सकाळची ताडी पिऊन विहिरीच्या कठड्यावर उभे राहिले आणि गावाला भाषण केलं. भाषण फार मजेदार होतं. "मग?" असं कुणी विचारलं की दादा म्हणायचे, "मग काय, पडलो." आणि उठून पाणी प्यायला जायचे. बाकी सगळ्या गोष्टींना शेवट असायचा, हिला नव्हता.

मला खटकायचं ते वेगळंच. ताडी ओळखणारा माणूस असं बोलणार नाही. पहाटे झाडावरून उतरवलेली ताडी गोड असते, पोरंही पितात. ती आंबते आणि चढते ती उन्हं वर आल्यावर. सकाळच्या ताडीने भाषणं होत नाहीत. नथूच्या हे कसं लक्षात आलं नाही कोण जाणे, तो बहुधा हसण्यात असायचा. मी मात्र या विषयात पदवीधर.

एकदा बॉयलरपाशी दोघंच असताना मी सहज म्हणून गेलो, "दादा, सकाळची ताडी चढत नाही."

मला वाटलं ते काहीतरी सारवासारव करतील. त्यांनी फावडं खाली ठेवलं आणि माझ्याकडे तसंच बघितलं, जसं ते तलफेबद्दल विचारताना बघायचे.

"मग मधूला कशी चढली?"

मधू त्यांचा धाकटा भाऊ. वरात त्याची, ताडाशी भांडण त्याचं, सगळ्या गोष्टी त्याच्या. आई-बाप नव्हते, दादांनीच वाढवलेला. त्या दिवशी मधू डुलत आला तेव्हा दादांनी विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, गोड ताडी घेतली दादा, सकाळचीच हाय. दादांनी त्याला जाऊ दिलं, आणि नंतर विहिरीतून त्याला मेलेलाच वर काढला. दादांना ताडीतलं काय कळणार, ते तर वासानेही लांब पळायचे.

मी त्यांना पिणाऱ्यालाच ठाऊक असतं ते सांगितलं. तो रात्रीपासून पीत असणार. ताडी नुसती तोंडावर, वास लपवायला. आपण सगळे असंच करतो.

दादांनी तबकडीची काच पंच्याने पुसली. मग म्हणाले, "म्हंजे त्याचं खोटं होतं."

"हो."

"येवढ्या वर्सांत मला कोनी सांगितलं नाय."

तेव्हा मला कळलं, की आम्ही ज्याला त्यांची पद्धत समजत होतो ती पद्धत नव्हती. तो प्रश्नच होता. गळ्यात येते की पोटात, गरम असते की गार, हे त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. मधूला काय होत होतं ते ते आम्हाला विचारत होते.

कुणाला सांगू नकोस, एवढंच ते म्हणाले. न पिणाऱ्याचं कोण ऐकतो? आणि मधूचं नाव तरी चांगलं राहू दे. मी मान हलवली.

पुढच्या वर्षी केळव्याच्या कुसुमबाई आपल्या भावाला घेऊन यायला लागल्या. त्या तिथल्या शाळेत शिकवायच्या. भाऊ ओट्यावर बसायचा, त्या जरा लांब, पिशवी मांडीवर घेऊन. दादांच्या गोष्टींना त्या हसत नसत, पण एकदा निघताना त्यांनी दादांना विचारलं, "आणि तुमचा काटा?" दादा डोक्यावरचा पंचा काढून पिळायला लागले. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर दादांचा पंचा रोज धुतलेला दिसायला लागला. नथू म्हणाला, बॉयलर पेटलाय. दादा चाळिशी ओलांडलेले, बाईही पस्तिशीच्या. दोघांच्याही मागे लग्नाची बोलणी करणारं मोठं माणूस म्हणजे बाईंचे एक मामा.

ते मामा चौकशीला आले. दादांच्या गावाकडचं कुणी ओळखीचं नव्हतं, म्हणून कारखान्यात आले, आणि गेटवर माझ्यासाठी निरोप ठेवला. टपरीवर मी चहा मागवला.

मामा म्हणाले, "राऊतांनीच तुमचं नाव दिलं. म्हणाले, सदाभाऊला विचारा, त्याला माझं सगळं ठाऊक हाय."

मग ते सरळ बोलले. माणूस भला आहे, नोकरी आहे, मुलीला पसंत आहे. अडतं ते एकाच ठिकाणी. तिच्या बापाची दोनदा सुटली होती आणि दोनदा लागली. भावाचं आपण बघताच आहात. तिने स्वतःच सांगितलं, सोडलेली परत लागते हे मी घरात पाहिलंय, तेवढं एकच मला आता झेपणार नाही.

"तर मला एवढंच सांगा," मामा म्हणाले, "हे कितपत प्यायचे?"

वाक्य माझ्या जिभेवर होतं. फार लहान वाक्य. दादांनी या माणसाला माझ्याकडे का पाठवलं तेही मला त्याच क्षणी कळलं. जे त्यांच्या तोंडून निघणार नव्हतं ते निघावं म्हणून, ज्या एकट्याला ठाऊक होतं त्याच्याकडे त्यांनी पाठवलं होतं. मी दिलेल्या वचनातून त्यांनीच मला मोकळं केलं होतं, न बोलता.

पण मामांना सांगितलं असतं तर बाईंच्या भावाला कळलं असतं, भावाकडून ओट्याला. नथू म्हणाला असता, ह्याला काय ठाऊक आमचं. ओटा मोडला असता, आणि ओटा मोडल्यावर मी काय केलं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. माझी सुटून तेव्हा फार दिवस झाले नव्हते. माझा काटा घशापर्यंत आला होता, आणि मी फावडं उचललं.

"प्यायचे," मी म्हणालो. "पण आता सोडलीय."

"सोडलीय," मामा म्हणाले, ठिगळ लावलेल्या छत्रीकडे बघून म्हणावं तसं. चहा संपवून त्यांनी माझे आभार मानले.

मी बॉयलरकडे गेलो. दादा वाटच बघत होते. मामा येऊन गेले का, काय विचारलं, तू काय सांगितलंस. मी सांगितलं. तेवढ्यात डाइंगमधून कुणीतरी ओरडत आलं, वाफ नाही, कापड डागाळतंय. दादा कोळसा टाकायचं विसरले होते. काटा पार तळाला.

त्यांनी चार फावडी कोळसा टाकला. मग पोत्यावर बसले.

"बरं केलंस," ते म्हणाले. "ओट्यावर पोरं बसतायत." आणि थोड्या वेळाने, नेहमीसारखी मान वाकडी करून, "तुझा काटा कुठं हाय?"

"घशात."

"बस मग."

आम्ही बसलो. त्यांचा कुठे होता ते मी विचारलं नाही.

कुसुमबाई नंतर ओट्यावर आल्या नाहीत, भाऊ एकटाच येत राहिला. दादा पुढे कित्येक वर्षं गोष्टी सांगत राहिले, विहिरीची सोडून. त्यांना जाऊन आता बरेच दिवस झाले. ओट्यावर हल्ली मी बसतो, येणाऱ्यांना काटा विचारतो. माझी परत लागली नाही.

कुसुमबाई अजून केळव्याच्या शाळेत शिकवतात, एकट्याच राहतात. बोईसरहून केळवं काही लांब नाही. एकदा मी त्यांच्या सुपारीच्या वाडीच्या कुंपणापर्यंत जाऊन परत आलो. हे इथे लिहिल्याने काही फिटत नाही, ते समोर उभं राहून, तोंडानेच सांगायला हवं. भास्करदादा कधीच प्यायले नव्हते, हे एक वाक्य मी त्यांना देणं लागतो. अजून दिलेलं नाही.