जवसाचा लेप आणि पाच नोंदवह्या

पार्लरमध्ये जाऊन केसांवर उधळपट्टी करणाऱ्या बायकांची मला कीव येते! अहो, आपलं स्वयंपाकघर काय ओस पडलंय? जवस उकळा, गाळा, त्यात पिकलेलं केळं, दही आणि दोन चमचे मध फेटा, वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, मग चाळीस मिनिटं डोक्यावर ठेवा, की झाला हेअर मास्क! गेल्या मंगळवारी सकाळी दहा वाजता मी सासूबाईंना हे अगदी हातवारे करून सांगत होते.

"आजच कशाला हे उद्योग?" त्या म्हणाल्या. "केस धू, विंचर आणि जा."

"आज मुलाखत आहे! समितीसमोर असले केस घेऊन बसू?"

"समिती काय केस मोजणार आहे?"

त्यांना कसं कळावं! नऊ वर्षं मी वाचनालयात सहायक ग्रंथपाल आहे. मुख्य ग्रंथपाल निवृत्त झाले, खुर्ची रिकामी झाली, आणि ती मला हवी होती. इतकी हवी होती, की आठवडाभर धड झोप नव्हती, जेवण नव्हतं, आणि कंगव्यात केसांचा पुंजका. बारा वाजता मुलाखत.

आता आमच्या घराची रचना सांगते. आमचे हे बाइंडर. पुढच्या खोलीत त्यांचं काम चालतं. बाजारातल्या गोंदाला ते बोटही लावत नाहीत. रोज सकाळी मैद्याची खळ स्वतः शिजवायची आणि गार व्हायला फ्रिजमध्ये निळ्या डब्यात ठेवायची, हा त्यांचा नेम. निळा डबा म्हणजे खळ, लग्नापासून ठरलेलं. पण रात्रीच जवस भिजवायला निळा डबा मी घेतला होता! तेव्हा त्यांनी निमूटपणे खळ ठेवली स्टीलच्या पातेल्यात. मास्कही मी ठेवला स्टीलच्या पातेल्यात. दोन्हींवर ताटल्या.

वीस मिनिटं थांबायचं होतं. एका जागी बसणं मला जन्मात जमलेलं नाही. मी साडीला इस्त्री केली. प्रमाणपत्रं तीनदा मोजली. पंखा पुसला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, टेक जरा, मला गरगरायला लागलं!" शेवटी अकराव्याच मिनिटाला मी फ्रिज उघडला, हाताला लागलं ते पातेलं उचललं आणि डोक्यावर थापायला सुरुवात केली. केळ्याचा वास अजिबात येत नव्हता. वा, म्हणजे किती छान एकजीव झालंय!

"आज खळ जरा पातळ झाली गं," पुढच्या खोलीतून हे ओरडले. त्यांना चार दिवस सर्दी. नाक पूर्ण बंद.

"माझा मास्क मात्र मस्त घट्ट झालाय!" मी ओरडले.

दोघंही आपापल्या कामावर खूश. त्यांच्याकडे वाचनालयाच्याच पाच नव्या नोंदवह्या होत्या. शिलाई झालेली, फक्त पुठ्ठे चिकटवायचे आणि साडेअकराला पोचवायच्या. समितीला त्या दिवशी त्याही बघायच्या होत्या.

चाळीस मिनिटांची मी पंचवीस केली. भराभरा दोन तांबे पाणी ओतलं. केस बुळबुळीत लागत होते, म्हटलं मधाचा गुण असेल! वेळ कुठे होता? हेअर ड्रायर काढला आणि पूर्ण जोरात लावला. पाच मिनिटांत केस वाळले. सहाव्या मिनिटाला कंगवा घातला, तो आत गेला आणि आतच राहिला!

"सासूबाईऽऽ!"

त्या आल्या. माझी एक बट त्यांनी चिमटीत धरली, वाकवून बघितली. बट टक्कन वाजली.

"अगं, ही तर खळ आहे!"

"काहीतरीच काय! जवस आहे."

"चाळीस वर्षं ढवळलीये मी. मला शिकवतेस?"

मी फ्रिजकडे धावले. तिथे एकही पातेलं नव्हतं. दुसरं पातेलं पुढच्या खोलीत होतं, चाटूनपुसून वापरलेलं, आणि त्यातून केळ्याचा घमघमाट येत होता. नोंदवह्या घेऊन हे पाच मिनिटांपूर्वीच निघाले होते. मी फोन केला. फोन टेबलावरच वाजला!

केस पुन्हा भिजवायला वेळ नव्हता. सासूबाईंनी कंगवा कसाबसा उपटून काढला. डावीकडचे केस आडवे बसले, उजवीकडचे वळचणीसारखे बाहेर आले. मी दाबले, ते परत वर आले. तशीच गेले. करणार काय!

मुलाखतीच्या खोलीत अध्यक्ष, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, आणि समितीवरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. मध्ये टेबलावर त्या पाच नोंदवह्या. पहिला प्रश्न आला, मी उत्तर दिलं, पण लक्ष सगळं वह्यांवर. सर्वांत वरच्या वहीच्या कडेने एक मुंगी आली. मग दुसरी. मग त्यांचं सगळं खानदान!

"पुस्तकांना कीड लागू नये म्हणून काय काळजी घ्याल?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"स्वच्छता," मी म्हणाले. "आणि... खाण्याचे पदार्थ पुस्तकांपासून लांब ठेवायचे."

"उत्तम!" म्हणत अध्यक्षांनी वरची वही उचलली. पुठ्ठा त्यांच्या हातात राहिला, वही मांडीवर पडली आणि मुंग्या थेट त्यांच्या बाहीत!

"हे काय?" ते उडालेच. "कोण हा बाइंडर?"

"माझेच यजमान," मी म्हणाले. निदान तेवढं तरी खरं बोलले.

अध्यक्षांनी बाही झटकली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आता खरी परीक्षा आहे तुमची. मुख्य ग्रंथपाल म्हणून तुम्ही काय कराल?"

खरं सांगायचं, तर जिभेच्या टोकावर आलं होतं. ही त्यांची चूक नाही, डबा मी पळवला, तुमच्या वह्यांना माझा मास्क आहे आणि माझ्या डोक्याला तुमची खळ! पण नऊ वर्षं डोळ्यांपुढे आली, रिकामी खुर्ची आली, आणि मी भलतंच बोलून बसले.

"कडक पत्र लिहीन!"

"लिहा. इथेच."

लिहिलं! 'आपले काम अत्यंत निष्काळजीपणाचे असून' वगैरे सगळं. ज्या माणसाने वीस वर्षांत एक पान वाकडं शिवलं नाही, त्याला! लिहिताना मला स्वतःची शरम वाटत होती. अध्यक्ष मात्र खूश.

"असा निःपक्षपातीपणा हवा! खुर्ची तुमची. आणि हो, तुमची केशरचनासुद्धा फार शिस्तीची आहे."

घरी आल्यावर मी पत्र ह्यांच्या हातात ठेवलं आणि रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, नीट घडी घालून खिशात टाकलं. एवढंच म्हणाले, "बरं." मग गरम पाणी ठेवलं आणि तासभर स्वतः माझे केस सोडवत बसले. किती मोठ्या मनाचा माणूस, असं वाटून मला आणखीच रडू आलं. अर्धेअधिक केस मोकळे झाले. बाकीचे आठवडाभर निघतील, असं त्यांचं व्यावसायिक मत पडलं.

दुसऱ्या दिवशी, मुख्य ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसून उघडलेला पहिला लिफाफा हा होता:

'महोदया, आपले पत्र मिळाले. नोंदवह्या पुन्हा बांधून देण्यास तयार आहोत. मात्र त्यांच्यासाठी शिजवलेली खळ सध्या आपल्या मुख्य ग्रंथपालांच्या डोक्यावर आहे. ती उतरवून मिळताच काम दोन दिवसांत पूर्ण करू. आपला विश्वासू, बाइंडर.'

खाली, सुवाच्य अक्षरात, आणखी एक ओळ होती:

'प्रत माहितीसाठी: माननीय अध्यक्ष.'