मावशीचा अंगठा आणि जंतू दाखवणारा चष्मा

जे दिसत नाही, त्याच्यासोबत माणूस सुखाने राहू शकतो. जे दिसते, त्यावर समिती नेमावी लागते. म्हणूनच शहाण्या संस्था शक्यतो काही पाहत नाहीत. आमच्या रुग्णालयाने मात्र धाडस करून जखमेतले जंतू दाखवणारा चष्मा आणला.

हा चष्मा पट्ट्याने डोक्याला बांधायचा, खोलीत अंधार करायचा (ही सोय रुग्णालयात पूर्वीपासूनच होती) आणि त्यातला जांभळा उजेड जखमेवर टाकायचा. जंतू असतील तिथे लाल चमकते. पूर्वी जखम चिघळल्याचे वासावरून कळे. विज्ञानाने नाकाचे हे कष्ट वाचवले.

पहिला मान माझ्या मावशीला मिळाला. ती पायाने चालवायच्या मशीनवर कपडे शिवते. तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली होती, आणि त्यात साखरेचा आजार. "अंगठा गेला की पायडल गेलं, पायडल गेलं की मी गेले," असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

थोरल्या डॉक्टरसाहेबांनी चष्मा चढवला. दिवे मालवले. जखमेत लाल ठिपकासुद्धा नव्हता. सगळ्यांना हायसे वाटले. तेवढ्यात पट्टी मागायला साहेबांनी हात पुढे केला, आणि तो हात मनगटापर्यंत लालभडक चमकला. त्यांनी दुसरा पाहिला. तोही. सिस्टरचे पाहिले, धाकट्या डॉक्टरांचे पाहिले. कोणीच मागे नव्हते.

साहेबांनी प्रसंगावधान राखून दिवा लावला. त्याबरोबर तिघांचेही हात निर्जंतुक झाले.

"जखम एकदम छान आहे, मावशी," साहेब म्हणाले.

"बरं झालं बाई. पण साहेब, हात धुतलेत ना?"

"अहो, साहेबांना असं विचारतात का?" सिस्टर ओरडली. मी मावशीला चिमटा काढला. "गप गं, केवढे मोठे डॉक्टर आहेत ते!" तीन आठवडे डोळे न उघडलेल्या शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनीही डोळे उघडून तिच्याकडे रागाने पाहिले. मावशी ओशाळली. साहेबांनी मोठ्या मनाने तिला क्षमा केली आणि त्याच हातांनी, अगदी मायेने, पट्टी बांधली.

यावर नेमलेल्या समितीने तातडीने निर्णय घेतला. चष्मा जखमांसाठी मंजूर झालेला आहे. हात ही जखम नव्हे. सबब हातांवरील चमक कार्यकक्षेबाहेर आहे. चष्मा घालणाऱ्याची नजर चुकून भरकटू नये म्हणून त्याच्या मानेला पट्टाही बसवण्यात आला (घोड्याला झापड लावतात, तीही त्याच्या भल्यासाठीच). तेव्हापासून कर्मचाऱ्यांच्या हातांवर जंतू सापडण्याचे प्रमाण शून्य टक्के आहे.

चौथ्या दिवशी मावशीची जखम लाल चमकली. टाळ्या पडल्या. इतक्या लवकर निदान या रुग्णालयात पूर्वी कधीच झाले नव्हते. पुढच्या आठवड्यात अंगठा काढला. चष्म्यातून घेतलेला त्याचा फोटो आता व्हरांड्यात लावला आहे, आणि तो खरोखर सुंदर आला आहे. मावशी मशीनवर वाळलेले कपडे ठेवते. ते पाहून मला फार वाईट वाटते, पण मी साहेबांना पेढे देऊन धन्यवाद दिले. निदान चुकले नव्हते ना.

तुम्हाला आमचा राग आला असेल. साहजिक आहे. भाजीवाल्याचे हात जरा मळलेले दिसले तरी तुम्ही त्याला चारचौघांत सुनावता. पण उद्या त्या खाटेवर तुम्ही असाल, साहेब त्याच हातांनी तुमची पट्टी सोडायला वाकतील, तेव्हा तुमच्या तोंडून काय निघेल ते मला आत्ताच ऐकू येते आहे.

"या ना, साहेब."