मास्तरांच्या पोटातली लेकरं

गाडी चालवायला शिकवणाऱ्या मास्तरांचं पोट कित्येक महिने जळत होतं. जळेल नाही तर काय? सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणी ना कुणी त्यांना विजेच्या खांबावर नेत असे. शेवटी घशातून नळी घालून तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पोटाला आतून सूज आहे. औषध देते, पण सतत ताण घेतलात तर ती उतरणं कठीण. शिवाय आतड्यात चांगले जंतू असतात, ताणाने त्यांचीही घडी विस्कटते. महिनाभर आरडाओरडा बंद! फरक पडला नाही, तर गाडीत बसणं सोडावं लागेल."

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. उभा जन्म त्या सीटवर गेला होता. घरी बसून काय करणार, कपाटाला गिअर टाकायला शिकवणार?

बायकोने मात्र सगळं फारच मनावर घेतलं. "अहो, ते जंतू म्हणजे आपली लेकरंच समजा. तुम्ही चिडलात की ती बिचारी घाबरतात. राग आला की पोटावर हात ठेवायचा आणि प्रेमाने समजवायचं त्यांना."

"जंतूंना?"

"मला तर कधी समजावलं नाहीत. निदान त्यांना तरी समजवा."

दुसऱ्या दिवशी शिकायला शिंपी आला. पहिल्याच वळणावर त्याने गाडी भलतीकडे घातली. एरवी मास्तरांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. आज त्यांनी दात आवळले, पोटावर हात ठेवला, डोळे मिटले आणि पुटपुटले, "घाबरू नका रे बाळांनो. आता थोडाच वेळ राहिलाय."

शिंप्याला वाटलं, मास्तर घरच्यांचा शेवटचा निरोप घेतायत, म्हणजे आपलंही काही खरं नाही! त्यानेही डोळे मिटले आणि गाडी फुलझाडांच्या वाफ्यात जाऊन थांबली.

बातमी वाऱ्यासारखी पसरली. मास्तर ओरडत नाहीत, नुसते देवाघरी निघाल्यासारखे हसतात! ज्यांना शिव्या ऐकूनच वळण कळायचं, त्यांना आता काहीच कळेना. शिंप्याची भूक गेली, शिकायला येणाऱ्या बँकेतल्या बाईंना करपट ढेकर यायला लागले आणि जो तो पोट धरून डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात! इकडे मास्तरांचं पोटही आधीपेक्षा जास्तच जळायला लागलं. राग गिळणं सोपं असतं का हो?

महिना संपत आला, तेव्हा एका शनिवारी डॉक्टरीणबाई स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. हो, त्याही मास्तरांच्याच विद्यार्थिनी. शनिवार त्यांचा असायचा, पण दवाखान्यातल्या गर्दीमुळे मधले शनिवार बुडाले होते.

"तुमचे विद्यार्थी माझ्याकडे रांग लावून बसलेत, मास्तर!" त्या तणतणल्या. तणतणता तणतणता चढावर गाडी बंद पडली आणि मागे घसरायला लागली.

मास्तरांनी पोटावर हात ठेवला. "घाबरू नका, लेकरांनो..."

"अहो, लेकरांना काय सांगताय, मला सांगा! ओरडा ना!"

"तुम्हीच मनाई केलीत!"

"मीच सांगतेय, ओरडा!"

मास्तरांनी आपल्या पायाखालचा जादा ब्रेक दाबला आणि महिनाभर साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. "पाय काय दवाखान्यात ठेवून आलात? क्लच आहे तो, पायपुसणं नाही! दाबा! आता सोडा, हळू! हळू म्हणजे काय ते शिकवलं नाही वाटतं कॉलेजात!"

गाडी सुतासारखी सरळ वर गेली. बाईंनी ती कडेला घेतली आणि घाम पुसला. "मास्तर, आता खरं सांगा. पोट सगळ्यात जास्त कधी जळतं?"

मास्तर चपापले. खोटं बोलावं तर उपचार चुकणार, खरं बोलावं तर पोटापाण्याचा धंदाच जायचा.

"शनिवारी," ते हळूच म्हणाले. "मधले शनिवार तेवढे बरे गेले."

बाईंनी इंजिन बंद केलं. मग त्यांनी किल्ली काढून मास्तरांच्या हातात दिली. संपलं सगळं, असं समजून मास्तरांनी जड मनाने दार उघडलं.

"तुम्ही कुठे निघालात?" बाई म्हणाल्या. "बसा गाडीत. मी उतरते."